नानांचा मुखत्यार

३ जून २०२४, सोमवार. सकाळी ७.१०

शुक्रवारी रिटायर झालो. वाळूजच्या कंपनीत एकतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, वैजनाथराव हजर असले की अपघात गेटवरूनच परत जातो. शाल बरी आहे.

आता घरची सेफ्टी. पहिलं काम नाना. माझे वडील, अनंतराव, वय चौऱ्याऐंशी. वैजापूरच्या रजिस्ट्री कचेरीत कारकून होते. लोकांची खरेदीखतं, गहाणखतं नोंदवण्यात जन्म गेला. पाच वर्षांपासून विसरायला लागले. डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. सिडकोत अंबिकाकडे असतात. अंबिका माझी धाकटी बहीण, पोस्टात नोकरी, एकटीच राहते. लॉकडाऊनमध्ये पंधरा दिवसांसाठी नानांना तिच्याकडे ठेवलं होतं. ते पंधरा दिवस थोडे लांबले.

आता मी मोकळा. अ‍ॅक्शन प्लॅन तयार. नानांचं मुखत्यारपत्र माझ्या नावे करून घ्यायचं, म्हणजे बँक, पेन्शन, करमाडचा प्लॉट, सगळ्याला एकच जबाबदार माणूस. आणि १ जुलैपासून नाना कायमचे माझ्याकडे. अंबिकाला सुटी. तिने खूप केलं. (हे तिला सांगायचं. विसरू नये.)

५ जून

आज नानांकडे जाणार होतो. ऊन फार. गारखेड्याहून सिडको वीसच मिनिटं, पण या उन्हात वीस मिनिटं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. फोन केला. आशाबाईने उचलला. अंबिका ऑफिसात असते तेव्हा ती नानांजवळ असते. म्हणाली, आत्ताच जेवले, देऊ का फोन? मी म्हणालो, झोपू द्या. ती म्हणाली, झोपले नायत, हे काय समोरच बसलेत. तेवढ्यात नेटवर्क गेलं. माझ्या बाजूने गेलं असावं.

९ जून, रविवार

गेलो. नाना खुर्चीत बसलेले, दाढी केलेली, धुतलेला सदरा. मला पाहून उठायला लागले. या साहेब, म्हणाले. अंबिका म्हणाली, नाना, दादा आहे, आपला वैजूदादा. नाना म्हणाले, ते खरं, पण साहेबांना पाणी द्या.

अंबिकाला प्लॅन समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, कर दादा, पण आधी एवढा नानांचा चष्मा करून आण, काडी तुटून महिना झाला. घरात गुंतलेल्या माणसाला मोठं चित्र दिसत नाही. चष्मा घेतला. उद्या टाकतो.

तिने खूप केलं, हे सांगायचं राहिलं.

१३ जून

बद्रीनाथला भेटलो. रजिस्ट्री कचेरीबाहेर टेबल टाकून कागदपत्रं करून देतो. म्हणाला, सर, मुखत्यारपत्र देणाऱ्याला समजलं पाह्यजे आपण काय देऊ लागलो ते. वडलांना समजतंय ना? मी म्हणालो, कधी कधी. तो म्हणाला, मंग कधी कधीचा टाइम धरून आणा. मॅडम चार सवाल विचारत्यात. हो म्हणले की काम खल्लास.

प्रॅक्टिकल माणूस.

१८ जून

तीन दिवस सलग सिडकोत जातोय. (मुलगा लक्ष देत नाही म्हणणाऱ्यांनी बघावं.) कंपनीत शिफ्टच्या आधी दहा मिनिटं उभ्याने ट्रेनिंग द्यायचो, तीच पद्धत. प्रश्न कोणताही असो, उत्तर ‘हो’. नाना मुळात हुशार. आज पक्कं झालं. तुमचं नाव अनंतराव? हो. मुलाला अधिकार देता? हो. स्वखुशीने? हो.

आशाबाई दारात उभी. म्हणाली, भाऊ, पोपटाला शिकवल्यावानी काय करू लागले त्यांना? सांगितलं तिला, ही शास्त्रीय पद्धत आहे. नानाही हसत होते. शेवटी विचारलं, नाना, थकलात का? हो, म्हणाले. आता हे ट्रेनिंगचं ‘हो’ की खरं, कळायला मार्ग नव्हता. थांबलो.

२१ जून, शुक्रवार. दुपारी ३

कचेरीत नेलं. कोट घातला होता नानांना. अंबिकाने रजा मागितली होती, मिळाली नाही. बरं झालं.

रजिस्ट्रारबाई तरुण आहेत. आजोबा, नाव काय तुमचं? हो. बाई हसल्या. हे शेजारी कोण आहेत? हो. यांना तुमच्या वतीने सगळे अधिकार देताय? हो. मी बद्रीनाथकडे पाहिलं, त्याने डोळ्यांनी सांगितलं, होऊ द्या. बाईंनी पेन खाली ठेवलं. आजोबा, तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का?

हो, नाना म्हणाले. स्वच्छ, मोठ्याने.

मागे रांगेत कुणीतरी हसलं. मी सांगितलं, यांना कमी ऐकू येतं. तेवढ्यात नानांचं लक्ष टेबलावरच्या शिक्क्याकडे गेलं. दस्तांचा गठ्ठा त्यांनी हाताने चापून सरळ केला आणि त्यांच्या जुन्या आवाजात म्हणाले, पक्षकाराला दस्त वाचून दाखवला का? वाचल्याशिवाय सही घ्यायची नाही. रजामंदी पाहिजे. गरीब माणूस फसतो.

हा आवाज मी चार वर्षांत ऐकला नव्हता. बाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं. मग मला म्हणाल्या, ह्यांची संमती मी धरू शकत नाही. हायकोर्टात जा, पालक नेमून घ्या. आणि आता घरी न्या त्यांना, घाम आलाय बघा.

घाम मला दिसला नव्हता. मी शेजारी होतो, बाईंच्या पेनाकडे बघत.

बाहेर बद्रीनाथ म्हणाला, सर, टाइम चुकला तुमचा. गाडीत नाना खुशीत. विचारलं, किती दस्त झाले आज? मी म्हणालो, एकही नाही. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. म्हणाले, होतं असं. सोमवारी या.

१ जुलै

आज नाना यायचे होते. मागच्या खोलीला रंग देऊनच आणावं असं ठरवतोय. ताज्या रंगाचा वास म्हाताऱ्या फुप्फुसांना वाईट, म्हणजे रंग, मग महिनाभर हवा खेळती, मग नाना. १५ ऑगस्ट फायनल. रंगारी बघायचा आहे.

सौ. म्हणाली, आणा की, मी कुठे नाही म्हणते, फक्त आंघोळ कोण घालणार ते ठरवा. मी म्हणालो, तपशील नंतर.  

१७ जुलै

वकीलबाई शांत आहेत. म्हणाल्या, संमती देण्याची शुद्ध नसलेल्या माणसाचं मुखत्यारपत्र होत नाही. हायकोर्टात अर्ज करायचा. डॉक्टरांचा दाखला लागेल, कोर्ट घरी माणूस पाठवून चौकशी करील, मग पालक नेमील. एकसष्टाव्या वर्षी मी वडिलांचा पालक. शब्द भारदस्त आहे.

त्यांनी विचारलं, सध्या ते कुणाकडे असतात? मी म्हणालो, कुटुंबात. म्हणजे? म्हणजे बहिणीकडे, तात्पुरते. कधीपासून? मी म्हणालो, चार वर्षं. त्यांनी वहीत ‘बहीण’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. उलटं असलं तरी मला वाचता येतं.

८ ऑगस्ट

दाखल्यासाठी नानांना डॉक्टरांकडे नेलं. सोबत आशाबाई. डॉक्टर आधी नानांशी बोलले, मग मला विचारलं, गोळ्या कोणत्या? मी म्हणालो, नियमित चालू आहेत. नावं? मी म्हणालो, पांढऱ्या. झोपेतून किती वेळा उठतात? एकदा. आशाबाई म्हणाली, चारदा. गिळताना त्रास? नाही. आशाबाई म्हणाली, पातळ असलं तर नाय, ताई समदं मिक्सरातून काढून देत्यात. डॉक्टरांनी खुर्ची वळवली आणि पुढची पंधरा मिनिटं आशाबाईशी बोलले.

शेवटी त्यांनी चित्र दाखवून काय आहे ते विचारलं. नाना डोळे बारीक करून बघत राहिले. चष्मा नाही का यांना? आहे, गाडीत आहे. काडी तुटलेली. माझ्याकडे येऊन दोन महिने होताहेत.

उद्या नक्की.

२२ ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळी ५

घटनेचा अहवाल. डोकं शांत ठेवून लिहितो.

करमाडच्या प्लॉटला एक जण गोडाऊनसाठी विचारतोय. विकायचा विषयच नाही, कोर्टाआधी विकताही येत नाही, पण भाव माहीत असलेला बरा. नानांच्याच उपचाराला. तो म्हणाला, मूळ मालक एकदा डोळ्यांनी दाखवा. अंबिकाला सांगितलं, नानांना दर्शनाला नेतो. ती किती खूश झाली! शर्टाच्या खिशात त्यांच्यासाठी रुमाल ठेवला, पाण्याची बाटली दिली.

जालना रोडला गाडी लावली. एसी चालू. दार लॉक केलं नाही, माणसाला कोंडणं बरं नव्हे. दहा मिनिटांत येतो म्हणालो आणि प्लॉटवर गेलो. चाळीस मिनिटं लागली. परत आलो तर दार उघडं, नाना नाहीत. एसी चालूच होता.

ट्रक किती वेगाने जातात त्या रोडवर. एकतीस वर्षं लोकांना सांगितलं, घाबरू नका, आधी थांबा, विचार करा. मी काय केलं ते लिहीत नाही. चप्पल एक रस्त्याच्या अलीकडे सापडली, दुसरी सापडलीच नाही.

तासाभराने दिसले. पलीकडे, एका टपरीच्या सावलीत बाकड्यावर. शेजारी एक म्हातारी, दगडाबाई नावाची, निराधार योजनेचा फॉर्म घेऊन बसलेली. नाना चष्म्याशिवाय तो कागद डोळ्यांना चिकटवून तिला वाचून दाखवत होते. काय वाचत होते देव जाणे. ती मन लावून ऐकत होती. मला म्हणाली, उन्हात हुबे व्हते हो बाबा, म्या पाणी पाजलं. पोरगा येतो म्हणून गेलाय म्हणले. कसलं पोरगं म्हणावं? तुमी कोण त्यांचे?

मी म्हणालो, ड्रायव्हर.

का म्हणालो माहीत नाही. तसं बघितलं तर गाडी मीच चालवत होतो.

इजा: तळपायात दोन काटे. नुकसान: चप्पल. वर्गीकरण: निअर मिस. म्हणजे अपघात होता होता टळलेला.

२३ ऑगस्ट. सकाळी

निअर मिस चोवीस तासांच्या आत कळवणं बंधनकारक. हा बोर्ड कंपनीत मीच लावला होता, चार ठिकाणी.

अंबिकाचा फोन. दादा, नानांच्या पायाला काय झालं? मी म्हणालो, देवळात चप्पल काढली होती ना. खोटं नाही. देवळात काढतातच.

दुपारी ४

चोवीस तास झाले.

२० सप्टेंबर

अर्ज तयार आहे, सही बाकी. पण पितृपक्ष लागला. पितृपक्षात वडिलांचं काम काढू नये. वकीलबाई म्हणाल्या, अहो, ते हयात आहेत. तरीही.

नानांना आणायचं दिवाळीनंतर बघू. पंधरा ऑगस्ट कधी गेला कळलं नाही. रंगारी मिळत नाहीत हल्ली. चष्मा आज दिला अखेर दुरुस्तीला. दुकानदार म्हणाला, हा नंबर जुना असणार, माणसाला घेऊन या.

१८ नोव्हेंबर, सोमवार

अर्ज दाखल. ‘अर्जदार हा मुलगा असून वडिलांची सर्वतोपरी काळजी घेत आहे.’ टाइप केलेलं वाचताना मलाही पटलं. प्रतिज्ञापत्रावर सही करताना पेन दोनदा अडकलं. थंडीने शाई घट्ट होते.

१२ डिसेंबर, गुरुवार

कोर्टाच्या वतीने एक मॅडम चौकशीला आल्या, अंबिकाच्या घरी. मी अर्धा तास आधी जाऊन नानांच्या शेजारी बसलो, खांद्यावर हात ठेवला. नाना सारखे हाताकडे बघत होते. हा कुणाचा, असं.

मॅडमनी स्वयंपाकघर पाहिलं, बाथरूममधले दांडे पाहिले (अंबिकाने भिंतीला बसवून घेतलेत, मला माहीत नव्हतं), गोळ्यांचा तक्ता पाहिला. मग विचारलं, कधी पडले, हरवले, एकटे बाहेर गेले, असं झालंय का?

मी छताकडे पाहिलं.

अंबिका म्हणाली, नाही. कधीच नाही.

मॅडम म्हणाल्या, हे शपथेवर जाईल बरं का. अंबिका म्हणाली, माहीत आहे, आणि सही केली. बिचारी. तिला काहीच ठाऊक नाही, आणि माझ्यामुळे तिची शपथ खोटी.

१३ डिसेंबर

जेवण गेलं नाही. अ‍ॅसिडिटी. सौ. म्हणाली, करमाडहून आल्यापासून तुम्हाला अ‍ॅसिडिटीच आहे. मी म्हणालो, करमाडचा काय संबंध? ती म्हणाली, ते तुम्हालाच माहीत.

१४ डिसेंबर, शनिवार

सिडकोत गेलो. नाना झोपले होते. अंबिका भाजी निवडत होती. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. प्लॉट, चाळीस मिनिटं, ट्रक, दगडाबाई. ड्रायव्हर म्हणालो तेही. वाटलं होतं ओरडेल. तयारी ठेवली होती, मुद्दे काढले होते.

ती भाजी निवडतच राहिली. म्हणाली, मला माहीत होतं दादा. पायजम्याला गोखरू चिकटले होते. देवळात गोखरू असतात का? आणि पुढे दोन दिवस नाना दारात जाऊन उभे राहत होते. मुलगा येतो म्हणून गेलाय, म्हणायचे. मी तुला फोन केला होता की.

मग परवा खोटं का सांगितलंस?

ती म्हणाली, कोर्टाच्या कागदावर तुझं नाव लागलं असतं. नानांनी जन्मभर कागद सांभाळले. त्यांच्या मुलाचं नाव तसं लागायला नको वाटलं.

मी म्हणालो, अंबू, तू खूप केलंस. सहा महिने राहिलेलं वाक्य. म्हटल्यावर फार छोटं वाटलं. ती म्हणाली, चहा घेतोस?

१६ डिसेंबर, सोमवार

वकीलबाईंना दोन पानी अहवाल नेऊन दिला. घटना, वेळ, जबाबदार व्यक्ती. जबाबदार व्यक्तीपुढे माझं नाव, पूर्ण. अंबिकाचा जबाब दुरुस्त करून घ्यायला सांगितला आणि पालक म्हणून तिलाच नेमावं असं लिहून दिलं. वकीलबाई म्हणाल्या, तुमचाच अर्ज तुम्ही पाडताय, कळतंय ना? मी म्हणालो, याला करेक्टिव्ह अ‍ॅक्शन म्हणतात.

बरं वाटलं. खरं तर माझ्या मूळ प्लॅनमध्येही हा पर्याय होताच, लिहायचा राहिला होता. आता मन मोकळं. उद्यापासून रोज संध्याकाळी सहा ते आठ नानांजवळ. आशाबाईकडून सगळं शिकून घेणार.

१७ डिसेंबर

थंडी फार. उद्यापासून.

३० डिसेंबर

आशाबाईचा फोन. घाबरूनच उचलला. म्हणाली, काय नाय भाऊ, सहज. तुमी येणार व्हते म्हणून ताईनं रोज सहाला चहा जास्त टाकला व्हता, आता बंद करू का म्हणून इचारलं.

मी म्हणालो, जानेवारीपासून नक्की.

२४ जानेवारी २०२५, शुक्रवार

आदेश आला. अंबिका पालक. बँक, पेन्शन, औषधपाणी तिच्या सहीने. प्लॉट कोर्टाच्या परवानगीशिवाय विकायचा नाही. करमाडच्या प्रकाराबद्दल मला फक्त समज. एवढ्यावर भागलं.

शेवटच्या परिच्छेदात एक चूक दिसली. ‘अर्जदार मुलास दर रविवारी सकाळी दहा ते बारा वडिलांना भेटण्याची मुभा राहील.’ वकीलबाईंना म्हणालो, ही मुभा कशाला? मी मुलगा आहे, मला कुणी कधी अडवलंच नव्हतं. दार उघडंच होतं.

त्या म्हणाल्या, हो. अंबिकाताईंनीच घालायला सांगितलं. म्हणाल्या, कोर्टाचं दादा ऐकेल.

जिना उतरताना दोनदा वाचलं. चूक नव्हती.

२६ जानेवारी, रविवार

सोसायटीत झेंडावंदन. राष्ट्रीय सण. कोर्टालाही सुटी असते.

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी २

दहा पंचवीसला पोचलो. आशाबाईची सुटी. अंबिकाने पेजेची वाटी हातात दिली. भरवायला पाऊण तास लागला. पहिला चमचा मोठा झाला, ठसका लागला, मी उठून उभा राहिलो. अंबिकाने माझा हात धरून नानांच्या पाठीवर ठेवला, असा फिरव म्हणाली, वरून खाली. फिरवला. पाठ फार लहान झाली आहे. हाडं मोजता येतात. नंतरची अर्धी वाटी नीट गेली.

मग नखं काढली. मग बसून राहिलो. बारा वाजून गेले तरी उठलो नाही.

नानांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, तुमचं काम झालं का? मी म्हणालो, नाना, काम काही नव्हतं. ते म्हणाले, असं कसं? बिनकामाचं कोण येतं इतक्या लांब?

वीस मिनिटं लागतात. हे त्यांना सांगितलं नाही.

निघताना अंबिका जिन्यापर्यंत आली. पुढच्या रविवारी येशील ना? मी म्हणालो, लिहूनच ठेवतो, आणि खिशातून ही डायरी काढली. तिने डायरी बंद केली, परत माझ्या खिशात घातली. म्हणाली, लिहू नकोस दादा. ये.

म्हणून पुढच्या रविवारचं इथे काही लिहीत नाही.